गोरे करणारी मलमे : आत असते काय?

(ट्रस्टच्या महोत्सवानिमित्त भरलेल्या पालक व महिला मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



महोत्सवात शिक्षकाला बोलावयास उभे केले म्हणजे तो शिक्षणाचे महत्त्व सांगणार, हे श्रोत्यांनी धरूनच चाललेले असते. व्यवस्थापकांनी विषय निवडण्याची मुभा आम्हांस दिली, तिचा फायदा घेऊन आज आम्ही तोंडाला लावावयाच्या क्रीमविषयी बोलणार आहोत. विषय सांगितला तेव्हा एक-दोघे विश्वस्त हसले. हसण्यासारखा तो वाटतोही. पण ह्याच क्रीममुळे आपल्या मराठी मुलखात एका घरातील तीन बायकांची मूत्रपिंडे बिघडली, ती हकीगत पुढे येईल.

आम्ही हुबळीस विज्ञान शिकवितो. आठवी-नववीच्या मुलींना त्वचेचा धडा शिकविताना फळ्यावर कातडीच्या थरांची आकृती काढली की मुली निमूटपणे उतरून घेतात. तास संपला की मात्र दोघी-तिघी मागे रेंगाळतात, आणि प्रश्न एकच असतो : "सर, रंग उजळतो का हो?" परीक्षेत हा प्रश्न येत नाही, म्हणून पुस्तकात त्याचे उत्तरही नाही. मग मुली ते उत्तर दुर्गदबैलच्या दुकानांतून, पार्लरमधून, मावशीच्या कपाटातून आणि मोबाइलच्या पडद्यावरून मिळवितात.

तेव्हा प्रथम रंग म्हणजे काय ते थोडक्यात पाहू. आपल्या कातडीच्या वरच्या पदराच्या तळाशी रंग तयार करणाऱ्या पेशी असतात. त्या मेलॅनिन नावाचे तपकिरी-काळे द्रव्य तयार करतात, आणि त्याचे बारीक कण शेजारच्या पेशींना वाटून देतात. गोऱ्या माणसाच्या आणि सावळ्या माणसाच्या अंगात ह्या पेशींची संख्या जवळजवळ सारखीच असते. फरक पडतो तो कण किती मोठे, किती दाट आणि किती टिकाऊ ह्यात. हे कण उन्हातील अतिनील किरण अडवितात. हुबळी-धारवाड विषुववृत्ताच्या उत्तरेस पंधरा अंशांवर आहे. येथे बाराही महिने ऊन कडक. ज्यांच्या पूर्वजांनी हे ऊन पिढ्यान् पिढ्या सोसले, त्यांना निसर्गाने ही छत्री अंगातच देऊन ठेविली. वैद्य सांगतात की सावळ्या कातडीला कर्करोग फार कमी होतो आणि सुरकुत्याही उशिरा पडतात. आमच्या आजीच्या गालांवर सत्तरीतही सुरकुती नव्हती. त्याचे श्रेय ती अर्थातच खोबरेल तेलाला देत असे.

रंग तयार होण्याच्या कामावर टायरोसिनेज नावाचे एक विकर देखरेख करते. विकर म्हणजे शरीरातील रासायनिक कामाचा मुकादम असे समजावे. हा मुकादम जागेवर नसला तर काम थांबते. ह्याच्या अंगी तांब्याचे कण असतात, आणि तांब्यावाचून त्याला काम करता येत नाही. एवढे लक्षात ठेवावे, म्हणजे पुढचे सारे सोपे जाईल. कारण गोरे करणारी बहुतेक औषधे ह्या मुकादमालाच गाठतात. आणखी एक गोष्ट. तळाशी तयार झालेली पेशी वर येऊन गळून पडावयास सुमारे चार आठवडे लागतात. म्हणजे रंगाचे काम आज थांबले तरी कालपर्यंत तयार झालेला रंग महिनाभर कातडीतच राहणार. मग "सात दिवसांत गोरेपणा" हे कसे शक्य आहे? शक्य आहे, पण ते काय करून, हे विचारावयास हवे.

घरच्या उपायांपासून सुरुवात करू, कारण ते सर्वांत जुने आणि बहुतेक निरुपद्रवी. आमच्या घरी लग्नाआधी मुलीला मांझ्याला बसवितात, शेजारच्या घरी हळद लावतात. नावे दोन, वाटी एकच. हरभऱ्याचे किंवा मसुरीचे पीठ, हळद, साय, असल्यास चंदन. पीठ तेल आणि मळ काढते, साय कातडी मऊ करते, आणि हळदीच्या पिवळ्या छटेने दोन दिवस तेज आल्यासारखे वाटते. रंग आहे तोच राहतो, पण मुलगी सुंदर दिसते, आणि चार बायका तिच्याभोवती गाणी म्हणत बसतात, हे काही कमी नाही. उटण्याविरुद्ध आमची कसलीच तक्रार नाही. लिंबाविरुद्ध मात्र आहे. लिंबाचा रस चोळून उन्हात गेल्यास त्यातील द्रव्यांची उन्हाशी गाठ पडते, कातडी भाजल्यासारखी होते, फोड येतात, आणि पुढे काळे डाग महिनोन् महिने राहतात. खाण्याचा सोडा आणि दंतमंजन तोंडाला लावणाऱ्या मुलीही आम्ही पाहिल्या आहेत. ह्या गोष्टी भांड्यांना आणि दातांना शोभतात.

मग आला स्नो. "स्नो-पावडर" हा शब्द आपल्या मराठीत इतका मुरला आहे की तो इंग्रजी आहे हे कोणाच्या लक्षातही येत नाही. मुंबईचे पाटणवाला ह्यांचा अफगाण स्नो गेल्या शतकाच्या पूर्वार्धात घरोघर पोहोचला होता. स्नो आणि पावडर ह्यांचे काम झाकण्याचे. तोंड धुतले की संपले. त्यात फसवणूक फारशी नव्हती, कारण स्नो लावला आहे हे बघणाऱ्याला दुरूनच कळे! त्यानंतर १९७५ साली हिंदुस्तान लिव्हरने फेअर अँड लव्हली बाजारात आणले, आणि कातडीच आतून उजळते अशी भाषा सुरू झाली. त्यात नायसिनामाइड, म्हणजे ब गटातील एक जीवनसत्त्व, होते. हे मुकादमाला हात लावीत नाही. तयार झालेले रंगाचे कण शेजारच्या पेशींना वाटण्याचे काम ते थोडे मंद करते. परिणाम सौम्य असतो, आणि लावणे सोडले की पूर्वस्थिती येते. द्रव्य तसे सुरक्षित. आमचा आक्षेप जाहिरातींवर होता. सावळ्या मुलीला नोकरी नाही, तिला वर नाही; ट्यूब लावली की दोन्ही मिळते! पंचेचाळीस वर्षे ही गोष्ट सांगून झाल्यावर २०२० साली नावातील "फेअर" काढून "ग्लो" घातले गेले. दरम्यान २००५ साली पुरुषांसाठीही निराळे क्रीम निघाले होते, तेव्हा ह्या बाबतीत स्त्री-पुरुष समानता मात्र लवकर आली म्हणावयाची.

ज्येष्ठमध, कोजिक आम्ल, आर्ब्युटिन, अझेलिक आम्ल, क जीवनसत्त्व ही नावे हल्ली डब्यांवर दिसतात. कोजिक आम्ल जपानात तांदूळ आंबविण्यासाठी वापरतात त्या बुरशीपासून मिळते. ही सारी मुकादमाला थोडेफार दटावतात. चेहऱ्यावर वांग आले, मुरुमाचे डाग राहिले, तर वैद्याच्या सल्ल्याने त्यांचा उपयोग होतो. कोणाची कातडी त्यांनी चुरचुरते, पण फार मोठा अपाय सहसा नाही आणि फार मोठा चमत्कारही नाही. जन्माचा रंग त्यांनी बदलत नाही. तो किती उजळ असू शकतो हे पाहावयाचे असेल तर दंडाची आतली बाजू पाहावी, जेथे ऊन लागत नाही. त्यापलीकडे नेण्याचे वचन जो देतो, त्याच्यापासून दूर राहावे.

आता ज्यासाठी आम्ही येथे उभे राहिलो त्या भागाकडे येतो. जी क्रीमे खरोखर आणि लवकर "काम करतात", ती कशाने करतात?

अकोला येथील हकीगत २०२३ च्या जानेवारीत वृत्तपत्रांत आली. जैवतंत्रज्ञान शिकणारी एक विशीतली मुलगी. तिने सौंदर्यप्रसाधन करणाऱ्या बाईकडून एक स्थानिक क्रीम घेतले. रंग उजळला. लोक वाखाणू लागले. हे पाहून तिच्या आईने आणि थोरल्या बहिणीनेही तेच लावावयास सुरुवात केली. पुढे काही महिन्यांत तिघींनाही मूत्रपिंडाचा विकार जडला. वैद्य बुचकळ्यात पडले. घराण्यात असा रोग नाही, आणि तिघींना एकदम कसा झाला? मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात शोध घेता घेता गाडी क्रीमपर्यंत आली. क्रीम तपासले, तर त्यात पारा निघाला.

आम्ही ही बातमी वर्गात वाचून दाखविली. मुलींनी पहिला प्रश्न विचारला, "म्हणजे ती खरंच गोरी झाली होती का?" आम्हांस क्षणभर काय बोलावे ते सुचले नाही. पण प्रश्न बरोबर होता. होय, ती खरेच गोरी झाली होती. पारा आपले काम करतो. मुकादमाच्या अंगचे तांबे हटवून त्याच्या जागी तो स्वतः बसतो, आणि रंगाचे काम ठप्प होते. क्रीम खोटे नव्हते म्हणूनच ते घातक ठरले. खोटे असते तर आईने आणि बहिणीने ते घेतलेच नसते.

पारा कातडीतून रक्तात जातो आणि मूत्रपिंडात जमतो. मूत्रपिंड ही रक्त गाळणारी चाळणी. ती बिघडली म्हणजे रक्तातील प्रथिने लघवीवाटे वाहून जाऊ लागतात. लघवीला फेस येतो, सकाळी पापण्या सुजतात, संध्याकाळी पायांवर बोट दाबले तर खड्डा पडतो. ही लक्षणे कृपा करून लक्षात ठेवा. केरळात कोट्टक्कल येथील वैद्यांनी जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ ह्या काळात मेम्ब्रेनस नेफ्रोपॅथी नावाच्या मूत्रपिंडाच्या विकाराचे २२ रोगी तपासले. त्यांपैकी १५ जणांत ह्या रोगाचा एक विशिष्ट, एरवी क्वचित आढळणारा प्रकार दिसला, आणि त्या १५ पैकी १३ जणांनी गोरेपणाची क्रीमे वापरल्याचे सांगितले. ह्यात समाधानाची गोष्ट एवढीच की क्रीम बंद केल्यावर बहुतेकांचा रोग ओसरला. केरळच्या औषध खात्याने "ऑपरेशन सौंदर्य" नावाने अशा क्रीमांविरुद्ध मोहीमच उघडली.

ज्यांना वाटते की पारा ही परक्या मुलखाची भानगड, त्यांनी रसकापूर आणि हिंगूळ हे शब्द आठवावेत. दोन्ही पाऱ्याचेच प्रकार, आणि दोन्ही आपल्या बाजारात पिढ्यान् पिढ्या ओळखीचे. युरोपातील उमराव बायकाही एके काळी तोंडावरचे डाग घालविण्यासाठी पाऱ्याचे क्षार लावीत. जपानच्या मिनामाता शहरी कारखान्याच्या पाण्यातील पारा माशांत उतरून हजारो माणसे विषबाधेने पिडली गेली. त्या गावाचे नाव दिलेला आंतरराष्ट्रीय करार २०१३ साली झाला, भारताने त्यास २०१८ साली मान्यता दिली, आणि पारा घातलेली सौंदर्यप्रसाधने २०२५ पर्यंत पूर्णपणे बंद करावयाची असे त्यातील देशांनी पुढे ठरविले. आपल्या देशाच्या २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांप्रमाणेही पारा घालून प्रसाधन बनविण्यास बंदी आहे. नकळत आलेला पारा दहा लाख भागांत एका भागाहून अधिक नसावा. केवळ डोळ्यांच्या प्रसाधनांना सत्तर भागांची सूट आहे.

दहा लाखांत एक म्हणजे किती? किलोभर क्रीममध्ये एक मिलिग्रॅम. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट ह्या संस्थेने २०१४ साली गोरेपणाची ३२ क्रीमे तपासली, त्यांपैकी १४ मध्ये पारा सापडला. पण प्रमाण त्या मर्यादेच्या आसपास किंवा खालीच होते. चोरट्या वाटेने येणाऱ्या डब्यांत मात्र दहा लाखांत हजारो भाग सापडतात. दहा हजार भाग धरले, तर वीस ग्रॅमच्या एका लहान डबीत दोनशे मिलिग्रॅम पारा झाला. हा हिशेब आम्ही मुलींकडून फळ्यावर करून घेतो. शेकडेवारीचा एवढा मन लावून केलेला हिशेब दुसरा नसतो.

आणि हा पारा केवळ लावणारीपुरता राहत नाही. तो उशीच्या अभ्र्याला, टॉवेलला लागतो, हवेत उडतो. आईच्या गालाला गाल लावणाऱ्या तान्ह्या मुलाच्या अंगात जातो. क्रीम कधीही न लावलेल्या घरच्या माणसांच्या शरीरात पारा आढळल्याची उदाहरणे अमेरिकेत नोंदली गेली आहेत. म्हणून "माझं तोंड, माझी मर्जी" हे येथे लागू पडत नाही.

पाऱ्याहून आपल्या गावात अधिक पसरलेले दुसरे द्रव्य म्हणजे स्टेरॉइड. नववीतील एका मुलीची गोष्ट सांगतो; नावाचे कारण नाही. सकाळच्या प्रार्थनेला उन्हात उभी राहिली की तिचे गाल लालबुंद होत, आग होई, आणि ती पदराने तोंड झाकी. गालांवर बारीक लाल शिरा दिसू लागल्या होत्या, हनुवटीवर लव वाढली होती. वर्गातील मुलांनी तिला चिडवावयास सुरुवात केली, तेव्हा तिने कवायतीला येणे सोडले. मग शाळेतच येणे सोडले. आम्ही घरी गेलो. मावशीने नायट्यासाठी औषधाच्या दुकानातून आणलेली एक ट्यूब होती, चिठ्ठीवाचून मिळालेली. नायटा तर बरा झालाच, पण जागा उजळलेली दिसली. मग तीच ट्यूब मुलीच्या तोंडाला. आठ महिने!

तिची आई आम्हांस म्हणाली, "सर, तुम्ही शिकलेले आहात. पण पोरीचा रंग दबलेला आहे, उद्या रिश्ता आला तर लोक आधी रंगच बघतात. मी काय करू?"

ह्या बाईस अडाणी म्हणणे आमच्या जिभेवर आले नाही, आणि येऊही नये. तिचा हिशेब चुकीचा नव्हता. तो हिशेब आपण सर्वांनी मिळून तिच्यापुढे मांडलेला आहे. त्याविषयी पुढे बोलतो. आधी ट्यूबचे पाहू.

स्टेरॉइडने कातडीतील रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून चार-आठ दिवसांतच तोंड फिकट, नितळ दिसते. रंगही थोडा कमी होतो. मुरुमाची लाली बसते. सारे सुखावह वाटते, आणि हीच फसगत आहे. महिनोन् महिने लावल्यावर कातडी कागदासारखी पातळ होते, शिरा दिसतात, मुरुम उसळतात, लव वाढते, ऊन सोसवत नाही. सोडावे तर दोन दिवसांत तोंड भडकते, म्हणून माणूस पुन्हा तेच लावतो. व्यसनाची सारी लक्षणे. आपल्या देशातील बारा केंद्रांच्या त्वचारोग-तज्ज्ञांनी मिळून केलेली पाहणी २०११ साली प्रसिद्ध झाली. तोंडाच्या त्वचेची तक्रार घेऊन आलेल्या २,९२६ रोग्यांपैकी ४३३ जण, म्हणजे जवळजवळ पंधरा टक्के, तोंडाला स्टेरॉइड लावीत होते. सर्वांत अधिक आढळले ते बीटामेथासोन. २०१८ साली सरकारने अशी चौदा मलमे वैद्याच्या चिठ्ठीवाचून विकण्यास बंदी केली. कायदा चांगला आहे. कोणत्याही औषधाच्या दुकानाबाहेर पाच मिनिटे उभे राहिल्यास तो किती पाळला जातो तेही समजते.

तिसरे द्रव्य हायड्रोक्विनोन. हे मुकादमाला रोखण्यात पटाईत, आणि वांग घालविण्यासाठी त्वचारोग-तज्ज्ञ आजही ते देतात. परंतु ठरावीक मुदतीपुरते, आणि मध्ये तपासून. १९७५ साली अमेरिकेत हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि एक स्टेरॉइड ह्यांचे मिश्रण वांगावरील उपाय म्हणून प्रसिद्ध झाले, आणि त्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेतील वैद्यांनी हायड्रोक्विनोन फार काळ लावणाऱ्या बायकांच्या तोंडावर निळसर-काळे, खरखरीत डाग पडत असल्याचे जाहीर केले. गोरे होण्यासाठी लावलेल्या औषधाने कायमचे काळे पडावे, हा प्रकार. दक्षिण आफ्रिकेने १९९० साली रंग उजळण्याचे नाव सांगणाऱ्या प्रसाधनांवरच बंदी घातली. युरोपने २००१ साली हायड्रोक्विनोन अशा क्रीमांतून काढले. अमेरिकेत २०२० पासून ते चिठ्ठीवाचून विकता येत नाही. आपल्याकडे तिहेरी मिश्रणाच्या ट्यूबा भाजीसारख्या मागितल्या जातात. एकीला वैद्याने महिन्यासाठी दिलेली ट्यूब जावेला, नणंदेला, शेजारणीला वर्षभर पुरते.

हायड्रोक्विनोनच्या एका भावंडाची कथा विज्ञानाच्या शिक्षकाला सांगावीशी वाटणारच. १९३९ साली अमेरिकेतील एका चामड्याच्या कारखान्यात रबरी हातमोजे घालणाऱ्या काळ्या कामगारांचे हात पांढरे पडू लागले. शोध घेता कळले की रबर टिकावे म्हणून मोज्यांत घातलेले एक रसायन रंगाच्या पेशींचाच नाश करीत होते. आज वैद्य ते फक्त अशा रोग्यासाठी वापरतात ज्याचे जवळजवळ सर्व अंग कोडाने पांढरे झाले आहे आणि उरलेले डागही एकसारखे करावयाचे आहेत. कारण गेलेला रंग पुन्हा येत नाही. आणि हे सारे चोरट्या मालाचेच असते असेही नाही. जपानात कानेबो ह्या प्रतिष्ठित कंपनीने सरकारी मान्यता असलेले एक नवे उजळविणारे द्रव्य वापरले. २०१३ साली चोपन्न प्रसाधने परत घ्यावी लागली, कारण एकोणीस हजारांहून अधिक लोकांच्या अंगावर कोडासारखे पांढरे डाग उठले. रंग थांबविणे आणि रंगाची पेशी मारणे ह्यांमधील भिंत पातळ आहे.

पार्लरमधील "ब्लीच" कातडीला गोरे करीत नाही. त्यातील हायड्रोजन पेरॉक्साइड आणि अमोनिया तोंडावरील लवेचा रंग फिकट करतात, एवढेच. ग्लुटाथायोनच्या इंजेक्शनांचे मात्र नवे वेड आहे, आणि ते खर्चिक आहे. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने कातडी उजळविण्यासाठी एकाही इंजेक्शनला मान्यता दिलेली नाही. जेथे त्यांचा फार प्रसार झाला त्या फिलिपाईन्सच्या सरकारने यकृत, मूत्रपिंड आणि त्वचा ह्यांच्या अपायांचे इशारे दिले आहेत. लग्नापूर्वी नवऱ्या मुलीला शिरेतून औषध टोचण्याचा प्रकार आमच्या बुद्धीला तर पटत नाही.

आता त्या आईच्या प्रश्नाकडे. आपली मराठी भाषा पाहावी. सावळा हा आपल्याकडे लाडका शब्द. पंढरपूरचा देव सावळाच, आणि त्याला कोणी उजळ व्हावयास सांगितल्याचे आमच्या ऐकिवात नाही. तीच भाषा स्थळ पाहताना "रंगाने जरा कमी" म्हणते. उर्दू बोलणाऱ्या आमच्या घरांत "रंग दबलेला" म्हणतात. कन्नड घरांतही वेगळे नाही. ह्या एका मुद्द्यावर आपल्या सीमेवर तिन्ही भाषांचे एकमत आहे! १९५४ चा चमत्कारी औषधांच्या जाहिरातींना आळा घालणारा कायदा आहे, त्यात गोरेपणाची औषधे आणण्याचा मसुदा २०२० साली निघाला. जाहिरातदारांच्या स्वयंनियंत्रण संस्थेने २०१४ सालीच ठरविले की सावळ्या व्यक्तीला दुःखी किंवा कमनशिबी दाखवू नये. जाहिरातीवर असे बंधन घालता येते. मुलगी पाहावयास आलेल्या आत्याबाईवर कोणता कायदा घालणार?

आपल्या ट्रस्टकडे मात्र एक गोष्ट आहे. वधू-वर मेळाव्यासाठी जो छापील अर्ज आपण भरून घेतो, त्यात "वर्ण" असा एक रकाना आहे : गोरा, गव्हाळ, सावळा. तो कोणी आणि कधी घातला हे जुन्या मंडळींनाही आठवत नाही. पुढील छपाईत तो रकाना गाळावा, अशी आमची विश्वस्तांना जाहीर विनंती आहे. शिक्षण, व्यवसाय आणि प्रकृती ह्यांना तेवढीच अधिक जागा मिळेल. व्यासपीठावरील काही मान्यवर मान हलवीत आहेत. होकाराने की नकाराने, ते येथून नीट दिसत नाही.

त्या मुलीला आम्ही आणि तिची आई हुबळीच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या त्वचा विभागात घेऊन गेलो. ट्यूब एकदम न सोडता वैद्यांच्या देखरेखीखाली कमी कमी करत सोडविली. मधले दोन महिने तिला फार जड गेले. ती पुन्हा शाळेत आली. लाली पुष्कळ उतरली, शिरा काही राहिल्या आहेत. दहावीला बसली आहे.

शेवटी कामाच्या चार गोष्टी. डबीवर बनविणाऱ्याचे नाव, पत्ता, परवाना क्रमांक, घटकांची यादी आणि मुदत छापलेली नसेल, तर ती घेऊ नये. परदेशी मालावर आयात करणाराचे नाव आणि नोंदणी क्रमांक असावयास हवा. नातेवाइकांनी आखाती देशांतून आणलेल्या डब्या ह्यास अपवाद समजू नयेत. यादीत कॅलोमेल, मर्क्युरी किंवा मर्क्युरस असे काही दिसले तर तो पाराच. पण पारा घालणारा तो छापतोच असे नाही, म्हणून बिननावी डबीवर विश्वास ठेवू नये. ट्यूबवर लाल रेघ असेल, किंवा नावात बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन असे शब्द असतील, तर ते तोंडाचे क्रीम नव्हे, औषध होय. असे क्रीम काही महिने लावले गेले असेल, तर घाबरून एकदम फेकू नये. डबी पिशवीत घट्ट बांधून वैद्यांकडे न्यावी, कारण तपासावयास तीच लागते. लघवीतील प्रथिनांची तपासणी कोणत्याही सरकारी दवाखान्यात होते, फार थोड्या पैशांत. मुलीबरोबर आईनेही करून घ्यावी. उन्हासाठी छत्री, ओढणी आणि परवडत असल्यास सनस्क्रीन. वांगावर ह्याहून स्वस्त उपाय नाही.

अध्यक्षांनी प्रश्नोत्तरांसाठी अर्धा तास ठेविला आहे. निमंत्रणपत्रिकेत विनंती केल्याप्रमाणे ज्या भगिनींनी घरातील ट्यूबा आणि डब्या बरोबर आणल्या आहेत, त्यांनी त्या ह्या टेबलावर मांडाव्यात. नाव सांगण्याची गरज नाही. आमच्या दहावीच्या चार मुली भिंग घेऊन बसल्या आहेत. बारीक अक्षरांत काय लिहिले आहे ते त्या वाचून दाखवितील.